गुरुजींवर कुणीतरी लिहा

"किती आले?" तातेराव गुरुजींनी विचारलं.

"काय?" बालाजी म्हणाला.

"लेख."

बालाजीने तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. मे महिन्यातली दुपार होती, तहान लागणं साहजिक होतं. पण पाणी संपल्यावरही तो तांब्याच्या बुडाकडे बघत बसला, तेव्हा गुरुजींना काय ते कळलं.

"येऊन राहिलेत," बालाजी म्हणाला.

"म्हंजे किती?"

"तसं पाह्यलं तं एक बी न्हाई."

बालाजी जवळा बाजारच्या शाळेत मराठी शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पूर्णाकाठ साहित्य मंडळाचं सचिवपद सांभाळायचा. तातेराव गुरुजी एक जूनला पंच्याहत्तर वर्षांचे होणार, म्हणून मंडळाने फेब्रुवारीतच त्यांचा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं होतं. एक जून ही तारीख शाळेच्या दाखल्यावरची. गुरुजींची आई 'पेरणी आटपून दोन दिवस झाले व्हते' एवढंच सांगायची. पण त्या काळच्या हेडमास्तरांनी निम्म्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं, आणि कागदावर असतं तेच खरं. तर चोवीस मान्यवरांना पत्रं गेली. ग्रंथाचं नाव ठरलं, 'बहुआयामी वटवृक्ष'. मुखपृष्ठ तयार झालं, मंगल कार्यालय सांगून झालं, नांदेडहून मराठीच्या प्राध्यापक डॉ. संध्या मॅडमनी प्रमुख पाहुण्या म्हणून यायचं कबूल केलं. फेटे बांधणाराही ठरला. आता फक्त ग्रंथात छापायला काही नव्हतं.

खरं सांगायचं तर गुरुजींना फेट्याची हौस नव्हती. सत्काराच्या शाली घरात इतक्या साठल्या होत्या, की त्यांच्या पत्नी आशाबाईंनी त्यातल्या चार जोडून गोधडी शिवली होती. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करताना आणि निवृत्तीनंतरही गुरुजींनी पन्नास वर्षं कथा लिहिल्या, चार संग्रह काढले, आणि आता त्यांची एकच इच्छा उरली होती. कुणीतरी आपली एक, फक्त एक कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी आणि तिच्यावर दोन पानं लिहावीत. स्तुतीच हवी असंही नाही. शिव्या दिल्या तरी चालतील, पण वाचून दिलेल्या. जिल्ह्यात सगळे त्यांना ओळखत, वाकून नमस्कार करत, 'गुरुजींची लेखणी म्हंजे काय इचारता' असं म्हणत. आणि कुठली कथा आवडली असं विचारलं, की 'सगळ्याच' म्हणत. म्हणून तर गुरुजींनी गौरवग्रंथाला मान डोलावली होती. चोवीस जण लिहिणार, म्हणजे त्यातले दोघे तरी आधी वाचतील, अशी त्यांना आशा होती. माणसाची आशा मोठी चिवट असते, विशेषतः लेखक माणसाची.

"पुनमचंदजीला फोन लावतो," बालाजी म्हणाला. "अध्यक्षाचाच लेख न्हाई आला तं बाकीचे कशाला देतेत?"

पुनमचंद हे मोंढ्यातले, म्हणजे शेतमालाच्या बाजारातले, आडते आणि मंडळाचे अध्यक्ष. कापूस आणि सोयाबीनच्या ढिगात बसलेला हा माणूस मनाने दिलदार होता. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा चहा त्यांच्याकडून असे.

"गुरुजी!" फोनमधून पुनमचंद गरजले. "आपके वास्ते जान हाजिर है. पन लिवनं? आमाला वजन करता येतं, लिवता न्हाई येत. तुमीच लिवून टाका ना. दोन पेज. खाली माझं नाव."

"मी? माझ्यावरच?"

"मंग काय झालं? तुमच्यापेक्षा तुमाला बराबर कोन वळखतं?"

या बोलण्यात खोट काढायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि खोट न सापडल्याने मिटलं. आशाबाई उंबऱ्यात बसून कैऱ्या चिरत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लिवा की. जगावर लिवत आले आतापतोर, तवा तं काही वाटलं न्हाई तुमाला."

दोन दिवस गुरुजींनी मनाशी झटापट केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले. लाज वाटत होती, पण सवयीचा हात; चालू लागला की थांबत नसे. 'आम्ही माल पारखणारी माणसं, पण माणूस पारखावा तर तातेरावजींनी,' अशी सुरुवात केली आणि पुनमचंदांच्या तोंडी शोभतील अशी दोन पानं लिहून, फोटो काढून मोबाइलवर पाठवली. अर्ध्या मिनिटात पलीकडून अंगठा आला. दोन पानं अर्ध्या मिनिटात कशी वाचून झाली, असा प्रश्न गुरुजींना पडला होता. तो त्यांनी गिळला.

गोष्ट एवढ्यावरच राहती तर ही कथा सांगायची वेळच आली नसती. पण पुनमचंदांना तो लेख इतका आवडला, म्हणजे आपलं नाव खाली इतकं आवडलं, की त्यांनी तो मोंढ्यात गल्ल्यावर बसून येईल त्याला दाखवला. "एवढं चांगलं कवा लिवलं?" असं कुणी विचारलं की पुनमचंद खरं सांगत. धंद्यात कधी खोटं बोलले नाहीत, साहित्यात कशाला बोलतील? "गुरुजी लिवून देतेत," ते म्हणत. "फोन करायचा फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून फोन सुरू झाले.

निवृत्त कृषी अधिकाऱ्यांना लेखात आपल्या तीन बदल्यांचा उल्लेख हवा होता. एका माजी सरपंचाने गावातल्या नाल्यांचं काम आलंच पाहिजे अशी अट घातली. वटवृक्षात नाल्या कुठे बसवायच्या, या विचारात गुरुजींची अख्खी सकाळ गेली. दवाखान्यातली नर्स शिवकन्या कविता करायची. तिला 'माझे गुरुजी' या विषयावर विद्यार्थिनी म्हणून आठवण हवी होती.

"अगं पन तू माझ्या वर्गात व्हतीस कुठं?" गुरुजी म्हणाले.

"शेजारच्या वर्गात व्हते की. तुमचा आवाज यायचा ना भिंतीतून."

गुरुजींनी भिंतीतून येणाऱ्या आवाजावर दीड पान लिहिलं. ते मात्र बरं उतरलं.

आठवडाभरात अकरा लेख झाले, पुढच्या आठवड्यात बारा. आणि गुरुजी थकले. मळणीला थकला नसेल इतका माणूस स्वतःची स्तुती करून थकतो, हे त्यांना त्या उन्हाळ्यात कळलं. सकाळी उठायचं, दात घासायचे आणि आपण किती थोर आहोत हे डॉक्टरच्या नजरेतून लिहायचं. दुपारी जेवून लवंडलं की डोळ्यासमोर वकील यायचा. त्याच्याही नजरेतून आपण थोरच. 'ऋषितुल्य' सहा लेखांत आलं, 'साधी राहणी' नऊ लेखांत. 'अजातशत्रू' पाचव्यांदा लिहिताना तर पेन कागदावर टेकेना. सगळ्यात वाईट म्हणजे, या तेवीस माणसांपैकी एकालाही कथांवर लिहायचं नव्हतं. सगळ्यांना आठवणी हव्या होत्या. कथांवर लिहायचं तर खालच्या माणसाने त्या वाचलेल्या असाव्या लागतात, आणि उद्या कुणी विचारलं तर पंचाईत.

"आता एकच राहिला," गुरुजी बालाजीला म्हणाले. त्यांचा आवाज आजाऱ्यासारखा येत होता. "चोविसावा कोनाचा?"

बालाजीने हस्तलिखितांचा गठ्ठा चाळला आणि डोकं खाजवलं. "गुरुजी, राग नका मानू. पन हे लई गोड व्हऊन राहिलं. एक तरी टीका करनारा लेख पायजे. न्हाईतं लोक म्हनतेन, गुरुजींनीच लिवलं सगळं."

"कोनाच्या नावानं टीका करायची?"

ते नाव दोघांनाही माहीत होतं.

डोंगरकड्याचे पुंजाजी खिल्लारे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. कविता मोजक्याच लिहीत, पण जिल्ह्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याचं कारण ते शब्द फार कमी खर्च करत. अकरा वर्षांपूर्वी गुरुजींनी मोठ्या आशेने आपला 'काढणीनंतर' हा संग्रह त्यांना दिला होता. महिन्याने एका लग्नात, पंगतीत शेजारी बसल्यावर, गुरुजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा वाटला?" पुंजाजींनी वरणात भात कालवला, एक घास घेतला आणि म्हणाले, "ठीक हाय." त्या दिवसापासून गुरुजी त्यांच्याशी बोलले नव्हते. जिल्ह्याच्या साहित्यविश्वात याहून मोठं वैर नव्हतं.

बालाजीने गुरुजींसमोरच फोन लावला.

"तातेरावला चालतं का?" पुंजाजींनी विचारलं.

"त्यांचीच इच्छा हाय, सर."

"मंग टाका माझं नाव. मानूस पंच्याहत्तरीचा झाला, आता काहून न्हाई म्हनू? पन मला वाचा-लिवायला लावू नका. मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. तुमीच लिवा काय ते."

हे 'तुमीच' पुंजाजींनी बालाजीला म्हटलं होतं. बालाजीने त्याचा अर्थ नेहमीप्रमाणे लावला आणि कोरे कागद गुरुजींपुढे सरकवले.

त्या लेखाला गुरुजींना एक सकाळ लागली. आधीच्या तेवीस लेखांना लावलेला जोर इथे लावावाच लागला नाही. तीस वर्षं एक गोष्ट त्यांच्या घशात अडकली होती, ती बाहेर पडली. गोष्ट अशी, की 'काढणीनंतर'मधली 'शेवंताची म्हैस' ही त्यांची सगळ्यात लाडकी कथा, आणि तिचा शेवट खोटा होता.

कथेतली शेवंता अडचणीपायी जवळ्याच्या बाजारात म्हैस विकते. दूरच्या पुसेगावचा एक माणूस म्हैस घेऊन जातो. तिसऱ्या दिवशी पहाटे म्हैस आपल्या पायांनी शेवंताच्या दारात हजर, आणि मागोमाग तो माणूसही. म्हैस शेवंताला चाटते आहे हे बघून तो म्हणतो, 'राहू द्या बाई,' आणि परत जातो. गुरुजींनी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तो म्हैस ओढून नेतो असं होतं. पण दिवाळी अंकाच्या संपादकाचं कार्ड आलं, 'सणात रडारड नको,' आणि गुरुजींनी बसल्या जागी शेवट फिरवला. अंक निघाला, कथा गाजली असं लोक म्हणाले, आणि गुरुजींनी कधी कुणाजवळ हे बोलून दाखवलं नाही. आता पुंजाजींच्या नावाआडून त्यांनी ते लिहून टाकलं: 'इतक्या लांबून चालत आलेला माणूस म्हैस सोडून जात नाही. शेवटच्या पानावर लेखक घाबरला आणि त्याने शेवंताचा हात सोडला.' लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आशाबाईंना म्हणाले, "आज भाकरी एक जास्त टाका."

संपादकीय तेवढं बालाजीने स्वतः लिहिलं. त्यात सर्व मान्यवरांनी आपापले लेख वेळेवर दिल्याबद्दल आभार मानले होते.

एक जूनला मंगल कार्यालयात दीडशे माणूस जमलं. पंखे होते, वीज नव्हती; माइक तेवढा बॅटरीवर चालत होता. गुरुजी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर फेटा, अंगावर शाल आणि आतून घामाच्या धारा. पहिल्या रांगेत पुंजाजी बसले होते, एका डोळ्यावर काळा चष्मा. ग्रंथ तोवर कुणीच उघडलेला नव्हता. अपवाद संध्या मॅडमचा. नांदेडहून येताना गाडीत वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी सहज एक लेख वाचला होता, आणि तो चोविसावा होता.

"मराठवाड्यातली समीक्षा संपली असं मी वर्गात सांगत असते," मॅडम माइकपुढे म्हणाल्या. "आज मला माझे शब्द मागे घ्यावे लागतायत. गौरवग्रंथात, मित्राच्या पंच्याहत्तरीला, इतकं निर्भीड लिहायला छाती लागते. हे पुंजाजी खिल्लारे कोण? कृपया उभे राहा."

पुंजाजी काठीवर भार देऊन उभे राहिले. मॅडमनी लेखातले तीन परिच्छेद वाचून दाखवले. 'लेखक घाबरला' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. गुरुजींना वाटलं, आपला आवाज कुणीतरी दुसऱ्याच्या घशातून काढून आपल्याला ऐकवतं आहे.

पुनमचंदांना ते सहन झालं नाही. ते अध्यक्षाच्या खुर्चीतून ताडकन उठले.

"ये गौरव हय की पंचनामा?" ते गरजले. "बुढाप्यात मानसाला घाबरट म्हनायचं? मी माझ्या लेखात साफ लिवलंय! मी लिवलंय की..." इथे ते अडकले. हात हवेतच राहिला. मग त्यांनी गुरुजींकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, "काय लिवलंय गुरुजी मी?"

माइक चालू होता. गुरुजी फेट्याखालून पुटपुटले, "मानूस पारखावा तर."

"मानूस पारखावा तर तातेरावजींनी!" पुनमचंद ओरडले. टाळ्या पडल्या. अध्यक्षांना भावना अनावर झाल्या म्हणून शब्द सुचत नव्हते, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते.

मग पुंजाजींना बोलायला बोलावलं. ते व्यासपीठावर आले, ग्रंथ हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत मिटला. गुरुजींनी मनात हिशेब केला. हा माणूस आता 'हे मी लिहिलेलं नाही' म्हणणार, मग बालाजीला विचारणार, मग चोवीसच्या चोवीस उघडे पडणार.

"जे छापलं ते छापलं," पुंजाजी म्हणाले, "आता माघार न्हाई." आणि जाऊन बसले. एवढ्या मोजक्या शब्दांत एवढा बाणा! लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संध्या मॅडमनी तिथल्या तिथे त्यांना ऑगस्टातल्या चर्चासत्राचं आमंत्रण दिलं. विषय, 'शेवंताची म्हैस'चा फसलेला शेवट. कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या वेळी पुंजाजींभोवती गर्दी होती. गुरुजींसोबत फोटो काढायला दोघे आले, त्यातला एक फेटा परत न्यायला आला होता.

"आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला," घरी आल्यावर आशाबाई म्हणाल्या.

"टीका मीच केली, टाळ्या बी मीच मिळवल्या," गुरुजी म्हणाले. "फक्त पोचल्या दुसरीकडं." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तीन आठवडे त्यांनी पेनाला हात लावला नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदा लोक त्यांच्या कथेवर बोलत होते, म्हशीचं नाव घेत होते, आणि त्यातल्या एकानेही ती वाचली नव्हती. संग्रहाच्या उरलेल्या प्रती आशाबाईंच्या दिवाणाखाली तशाच्या तशा होत्या.

जूनच्या शेवटी, बाजाराच्या दिवशी, दारात रिक्षा थांबली. पुंजाजी उतरले. डोळ्यावरचा काळा चष्मा गेला होता, काखेत 'काढणीनंतर'ची ती अकरा वर्षांपूर्वीची प्रत होती आणि तिच्यात खुणेसाठी एसटीची तिकिटं घातलेली होती. गुरुजींनी इतकी वापरलेली आपली प्रत याआधी पाहिली नव्हती.

"बसा," गुरुजी म्हणाले. अकरा वर्षांतला हा पहिला शब्द.

"बसतो. आधी एक सांगा. हा माझ्या नावाचा लेख बालाजीनं लिवला ना? त्या पोराला कथा कळत न्हाई. कोन्या गाढवाला बी कळंन इतकं साफ लिवलंय तुमी, आन हा म्हनतो शेवट फसला!"

गुरुजींनी गळा साफ केला. "न्हाई म्हंजे... त्या लेखात तथ्य हाय थोडं."

"काय तथ्य हाय? तुमी वाचली का तुमची कथा?"

"वाचली का म्हंजे? मी लिवली."

"लिवनं येगळं." पुंजाजींनी बोट तोंडात ओलं करून पानं उलटली. "खरं सांगतो, आकरा वर्सांपूर्वी म्या न वाचताच ठीक हाय म्हनलो. तुमी इचारलं पंगतीत, काय सांगू? आता मॅडमनं बोलावलं, लोक रस्त्यात इचारून राहिले म्हशीचं काय झालं, म्हनून डोळा बरा झाल्याबरूबर वाचाया घेतली. चार डाव वाचली."

गुरुजींना 'न वाचताच' ऐकून एक कळ उठली आणि 'चार डाव' ऐकून ती कुठल्या कुठे पळाली. तरी ते हट्टाने म्हणाले, "पन इतक्या लांबून आलेला मानूस म्हैस सोडून जातो काय? लेखक घाबरला तिथं."

"लेखक गेला खड्ड्यात! हे बघा, हे दुसरं पान. बाजारात त्यो म्हशीला दावं बांधतो, तवा काय लिवलंय? 'एका ओढीत सुटेल अशी गाठ त्याने मारली. शेवंताने ती पाहिली, पण बोलली नाही.' मोठ्या म्हशीला अशी गाठ कोन मारतं? जनावरातला मानूस हाय त्यो. त्यानं बाजारातच वळखलं, बाई म्हैस इकून राहिली पन तिचा जीव तिथंच हाय. म्हनून ढिली गाठ. त्यो पुसेगावाहून म्हैस न्याया आलाच न्हाई गुरुजी. ती घरी पोचली का, ते बघाया आला."

बाहेरून बाजाराचा गलबला येत होता. गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, ती ओळ वाचली, परत वाचली. ती गाठ त्यांनी कशासाठी लिहिली होती, हे त्यांना आठवेना. कुणाला तरी तशी मारताना पाहिलं असेल म्हणून लिहिली असेल.

"मला तं हे माहीतच नव्हतं," ते म्हणाले.

"तुमाला कसं माहीत असन? तुमी लिवली. वाचली मी."

तेवढ्यात आशाबाई चहा घेऊन आल्या. खिडकीतून सगळं ऐकलेलं होतंच. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊ, त्या बालाजीला उगा गाढव म्हनू नका. लेख ह्यांनीच लिवलाय. तुमचाच न्हाई, चोवीसच्या चोवीस."

पुंजाजींनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कपात पाहिलं. मग पुंजाजी हसायला लागले. आधी हळू, मग काठी खाली पडेपर्यंत. गुरुजीही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. पंच्याहत्तराव्या वर्षी, दाखल्यावरची तारीख टळून गेल्यावर, त्यांना त्यांचा वाचक मिळाला होता.

पुंजाजींनी पिशवीतून पोस्टाच्या जुन्या लांब कागदांचं पुडकं काढलं. "मी उत्तर लिवलंय त्या लेखाला. आकरा पानं. मंडळाच्या जुलैच्या अंकात छापू."

"तुमच्या नावानं?"

"माझ्या कसं? त्या लेखाला माझंच नाव हाय. रेशनच्या दुकानावर बी लोक मला निर्भीड म्हनून राहिले. भर सभेत माघार न्हाई म्हनलो. आता महिन्याभरात पलटी मारू काय? ऑगस्टात मॅडमपुढं गप ऱ्हाईन, पन हे छापलंच पायजे. खोटं छापलं तं खरं बी छापलं पायजे."

"मंग पुनमचंदजींचं नाव टाकू."

"त्येनं वाचली न्हाई, हे म्हशीला बी कळंन."

"मंग कोनाचं?"

पुंजाजींनी चहा संपवला. "ही कथा वाचलेले जिल्ह्यात दोघंच हाव, गुरुजी. मी आन तुमी. माझं नाव अडकलं."

गुरुजींनी बराच विचार केला. दुसरा मार्ग दिसेना. आतापर्यंत चोवीस जणांनी आपली नावं त्यांच्या स्वाधीन केली होती. एकदा आपणही आपलं नाव दुसऱ्याला द्यायला हरकत नव्हती. त्यांनी अकराव्या पानाखाली सही केली.

जुलैचा अंक निघाला. 'सुटणारी गाठ : "शेवंताची म्हैस"चं पुनर्वाचन', लेखक तातेराव गुरुजी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बालाजी आला. बराच वेळ चपला काढत राहिला.

"गुरुजी, लहान तोंडी मोठा घास," तो शेवटी म्हणाला, "पन बोलल्याबिगर राहवंना. मानसानं सोतावर असं लिवावं का? जिल्हाभर लोक हसून राहिले. म्हनतेत, म्हातारा सोताच्याच कथेवर आकरा पानं लिवतो, सोतालाच शाबासकी देतो. पुंजाजींनी इतकं मोकळ्या मनानं लिवलं, त्यांना काय वाटलं आसन? आन चोवीस लोकांनी तुमच्यावर इतकं भरभरून लिवलं, ते कमी पडलं काय?"

गुरुजींनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात थट्टेचा मागमूस नव्हता. कोरे कागद त्यानेच पुढे सरकवले होते, पण एकदा छापून आल्यावर त्यालाही कागदावर होतं तेच खरं वाटत होतं. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

"तू वाचला का लेख?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. पन लोक सांगून राहिले ना."

"बराबर हाय," गुरुजी म्हणाले. "चुकलंच माझं. पुन्हा न्हाई लिवनार."

बालाजीचं समाधान झालं. तो चहा पिऊन, आशाबाईंना नमस्कार करून गेला. गुरुजींनी फाटकाची कडी लावली, चष्मा पुसला आणि अंक उघडून ती अकरा पानं परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.